उनाच्या नावावरचं जस्त

मेनूथ,
१२ जानेवारी २०२५

ती. मेधाताईस,
शैलेंद्रचा सा. न.

फोनवर मी नुसता हूं हूं करतो, तेव्हा लिहूनच कळव, असं तू बजावलंस. म्हणून लिहितो. उनाला जाऊन परवा तीन महिने झाले. मी ऑफिसला जातो, इरावतीचा डबा भरतो. कसा आहेस असं कुणी विचारलं तर ‘ग्रँड’, म्हणजे मजेत, म्हणतो. इथे सगळेच म्हणतात, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. रडू अजून आलेलं नाही.

एक बातमी आहे. उनाच्या आजोबांनी टिपररीतली चाळीस एकर जमीन विकली होती, पण खरेदीखतात खालची खनिजं स्वतःकडे ठेवली. वारसाने ती उनाकडे आली आणि आता तिचा नवरा म्हणून माझ्याकडे. तिथे कधी कुणी खणलं नाही. सध्या एक कंपनी त्या भागात जस्त शोधते आहे आणि ही मालकी विकत मागते आहे.

शनिवारी डोनल आला होता. त्या खनिजांवरची जमीन आता त्याची, वय अठ्ठ्याहत्तर. “माझ्या घराखाली खणू देणार का?” असं त्याने कोटही न काढता विचारलं. खरं सांगू, काही वाटलंच नाही.

इरावतीने तुला हाय सांगितलंय, इंग्रजीतच.

तुझी माया आहे तशीच राहू दे,
शैलेंद्र


पुणे,
२० जानेवारी २०२५

चि. शैलेंद्र यास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. जेवणाबद्दल एक अक्षर नाही. लेकीचा डबा भरतोस, तुझं काय? दिवाळीत पाठवलेलं मेतकूट उघडलंस तरी का?

हे म्हणतात, इतकी वर्षं न वापरलेला हक्क आपोआप बुडत असेल. बुडाला असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर ते इरावतीचं आहे. या अवस्थेत कुठे सही करू नकोस. माझी सायकल तू एकदा पेरूवाल्याला देऊन आला होतास, ते मी अजून विसरलेले नाही.

उना याबद्दल कधी काही बोलली नव्हती का?

दोघांना जवळ घेते,
ताई


मेनूथ,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस, सा. न.

काल मेतकूट-भात खाल्ला.

हक्क बुडत नाही. वकीलबाईंनी समजावून सांगितलं. वापरलं नाही म्हणून मालकी जात नाही. पण १९७९च्या कायद्याने, जिथे तेव्हा खाण चालू नव्हती, तिथला खणण्याचा अधिकार सरकारकडे गेला. सरकार कुणालाही परवाना देऊ शकतं, मालकाला फक्त भरपाई. म्हणजे जस्त माझं, पण हो-नाही म्हणणं माझ्या हातात नाही. मग मी विकलं काय आणि न विकलं काय.

हे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी फाइलीतून एक कागद काढला. कंपनीने गेल्या जूनमध्ये उनालाच विचारलं होतं. केमोची तिसरी फेरी चालू होती. तिने हाताने उत्तर लिहिलं होतं, की डोनल आहे तोवर विकणार नाही. पुढे तिचंच वाक्य होतं, “माझ्या नकाराने खाण थांबत नाही हे मला ठाऊक आहे, तरीही.”

ताई, तू विचारलंस ना? नाही, मला ती काहीच बोलली नाही. जूनभर मी तिच्या उशाशी बसून औषधांच्या वेळा लिहीत होतो आणि ती माझ्याशी टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलायची. चार महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटलं, आणि तो राग होता. वकीलबाईंसमोरच मी मराठीत म्हणालो, “मला का नाही सांगितलंस, उना?” त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

कंपनीला मीही नकार कळवला. काल इरावतीला घेऊन डोनलकडे गेलो. विकणार नाही, आणि तरीही खाण येऊ शकते, ही दोन्ही वाक्यं त्याला समोर बसून सांगितली. तो उठला. मग इरावतीला बकऱ्या दाखवायला घेऊन गेला.

परतताना ती झोपली. घर आलं तरी मी गाडीतून उतरलो नाही. राग अजून होता, आणि दार उघडलं की तो जाईल आणि पुन्हा काहीच वाटेनासं होईल, अशी भीती होती.

तू कळव, मी वाट पाहतो.
शैलेंद्र