हिरव्या चादरीवरचे मंगळवार

३ जुलै, सोमवार
सूनबाई एकदाची हो म्हणाली. उद्यापासून दर मंगळवारी नातीला घेऊन मी शाळेत. चौथीच्या वर्गात हिरवी चादर अंथरतात, बाळाला मधे ठेवतात आणि मुलांनी नुसतं बघून ओळखायचं, तिला काय वाटतंय. त्याने म्हणे दुसऱ्याचं मन कळायला लागतं. माझी शाळा दुसरीत सुटली. आता एकदम चौथी. बाईंची अट एकच, मोठ्यांनी गप्प बसायचं. त्यात काय अवघड? मी मुळात कमीच बोलते.

४ जुलै, मंगळवार
रडू नये म्हणून निघताना बाटलीभर दूध पाजलं. वर्गात ढाराढूर झोपली. पंचवीस मुलं अर्धा तास झोपलेलं बाळ बघत बसली. एकूण छान झालं. बाई काही बोलल्या नाहीत. भारावल्या असाव्यात.

११ जुलै, मंगळवार
आज भुकेली नेली. तिने भोकाड पसरलं. बाईंनी विचारलं, हिला काय होत असेल? मुलं विचारच करत बसली. मी सांगून टाकलं, दात येताहेत, खालचा, हिच्या बापालाही तोच आधी आला. मग बापाची गोष्ट निघाली. घंटा झाली. दारात बाई हळूच म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर बाळाला आईनेच आणलेलं बरं. सूनबाईला सांगितलं नाही, उगाच तिच्या डोक्याला ताप.

१७ जुलै, सोमवार
सराव. तोंडात लिमलेटची गोळी धरून अर्धा तास गप्प. मधे शेजारीण आली, ते धरत नाही.

१८ जुलै, मंगळवार
नात रांगता रांगता कलंडली. ओठ काढून माझ्याकडे बघत राहिली. वर्ग चिडीचूप. माझे हात शिवशिवत होते. गोळी संपत आलेली. एक मुलगी आहे, वर्षभर तोंड उघडलेलं नाही म्हणे. ती उठली. "तिला..." म्हणून अडली. मी मदत केली, "घाबरलीय, दुसरं काय."
मुलगी खाली बसली. बाईंनी डोळे मिटले.

२५ जुलै, मंगळवार
बाईंचा निरोप गेला, सूनबाईने रजा काढून स्वतः नातीला आणलं. मला बाईंनी चटईवर मुलांत बसवलं, बोलायचं तर हात वर करा म्हणाल्या. म्हणजे चौथीत रीतसर प्रवेशच की.
शेजारी तीच मुलगी. नात खुळखुळा चघळत होती. माझा हात सगळ्यांत आधी वर. बाईंनी मुलीला विचारलं. ती बराच वेळ बघत राहिली, बाळाकडे नाही, माझ्याकडे.
"बाळ मजेत आहे," ती म्हणाली. "आजींना रडू येतंय."
सगळा वर्ग माझ्याकडे वळला. हात वरच राहिलेला. तोंडात गोळीही नव्हती, तरी एक शब्द सुचला नाही.