सर्वेअरला खरं सांग

अम्मा,

मी तंजावरला, हॉस्पिटलात अप्पांकडे निघालेय. रात्रीच्या भांडणानंतर तुला उठवायचा धीर झाला नाही.

विम्याचा सर्वेअर सकाळीच येईल. वादळात मागच्या खोलीवर माड पडलाय, तिथलं काही म्हणजे काही आवरू नकोस. पाहुणा येणार म्हणून सगळं झाडून, धुऊन, दारात कोलमची रांगोळी घालून ठेवशील, मग तो फोटो कशाचा काढेल? काल त्यानं फोनवर नुकसान विचारलं, तर तू म्हणालीस, "देवाच्या दयेनं सगळं बरं आहे, कॉफीला या." आपल्या घराबद्दल अशुभ बोलू नये, कळतं मला. पण तू बोलशील तेच तो लिहून नेणार. कॉफी दे, पण खरं सांग.

अप्पांची भजनाची पेटी तू साडीत गुंडाळून माळ्यावर लपवलीयस, तीही काढून दाखव. भाता फाटलाय, पट्ट्या तुटल्यात. ती आता वाजायची नाही.

दुपारी मी अप्पांना फोन जोडून देईन. ते घराचं नाही, पेटीचंच विचारतील. त्यांना अजून काहीच ठाऊक नाही, आणि डॉक्टर म्हणालेत, त्यांच्या हृदयाला धक्का सोसायचा नाही.

त्यांना मात्र तुझं नेहमीचंच सांग.

वाणी