गाणं सांगणारीची जागा

आये, तू जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी अजून तुझ्यावर रागावलेलीच आहे. हे आधीच सांगून टाकते. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मला सगळं खरं लिहायला बरं पडतंय.

मागच्या महिन्यात माझ्या लेकीनं मला आणि वैनीला, तुझ्या सुनेला, जोयडा तालुक्यातून मुंबईला नेलं. इंग्रजांच्या काळातलं नाटकगृह, आत तांबडी मखमल, सोनेरी नक्षी, वर माणसांनी भरलेले सज्जे. इटलीची मंडळी गायला आली होती. ऑपेरा म्हणतात त्याला. नाटकच असतं, पण साधं कुणी बोलतच नाही. भांडतात ते गाऊन, रडतात ते गाऊन. वैनी कानात म्हणाली, "ह्यांच्या घरात भाजी आळणी झाली तरी गाऊनच सांगत असतील व्हय?" मला हसू आलं, पण मी दाबलं. तिच्या बोलण्याला हसायचं नाही, ही माझी तुझ्या वेळेपासूनची सवय.

मग एक बाई पुढं आली. अंगानं भरलेली, पन्नाशीची, मागं तीस-चाळीस माणसं. तिनं ओळ सोडली आणि मागच्यांनी उचलली. आपलं शेतच दिसलं की गं! तू मेरेवर, वाफ्याच्या बांधावर उभी आहेस, पदर खोचलेला, हातात रोपांची पेंढी. तू गाणं सांगतेस आणि आम्ही बारा-तेरा जणी चिखलात वाकून झील धरतोय. माझा आवाज सगळ्यांच्या वर जातोय. मला वाटतंय, तुझ्यानंतर मेरेवर मीच. पण तुला दम लागायला लागला तशी तू मेरेवर नव्या वैनीला उभं केलंस. वैनीला! आवाज म्हणजे वंगण नसलेलं गाडीचं चाक. मी सगळ्यांदेखत विचारलं, "मी का न्हाई?" तू मान वर न करता म्हणालीस, "तू जाणार परक्या घरी. गाणं शेताचं हाय, शेतातच ऱ्हाणार. गप झील धर." दात खाऊन धरली मी. त्याच वर्षी लग्न होऊन रामनगरला दुकानदाराच्या घरात आले. तिथं शेतही नव्हतं आणि गाणंही.

तर त्या नाटकगृहात बाईनं एक ओळ लांबवत नेली आणि थांबली. सगळीकडं चिडीचूप. मागचेही गप्प! आपल्यात सांगणारीनं ओळ सोडली आणि झील आली नाही तर गाणं पडतं, तिचा अपमान होतो. मला राहवलंच नाही. मी धरली. शब्द कुठले येणार, नुसता सूर, पण मोकळ्या गळ्यानं. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या, लेकीनं कपाळाला हात लावला.

वैनीनं मात्र माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर म्हणाली, "वन्सं, अजून केवढा गोड गळा हाय तुमचा. सासूबाई दर साली म्हणायच्या, माझा गळा लेकीनं नेला म्हणून. मेरेवर उभी मी आन् कौतुक तुमचं. लई जळायची मी तुमच्यावर."

तिला वाटलं, मला बरं वाटेल. आये, माझ्या अंगाची आग झाली. मेरेवरची जागा तिला दिलीस, ते एकवेळ सोडलं. पण माझं कौतुक, तेही तिच्याच पदरात घातलंस? मला एकदा म्हटलं असतंस तर तुझं काय जात होतं गं?

परतीच्या बसमध्ये वैनी म्हणाली, "शेवटचा वाफा लावताना म्हणायच्या गाण्याची दोन कडवी डोक्यातनं पार गेली बघा. कुणालाच येत न्हाईत आता. तुम्हाला आठवतात?" मी म्हटलं, "मला कुठली आठवायला?" तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. उतरेपर्यंत तिचे ओठ हलत होते, सापडतात का ते बघत.

वैनीला वाचता येतं आणि तिचं माझ्याकडं येणं-जाणं असतं, म्हणून हा कागद घडी घालून ट्रंकेत तळाशी टाकणार आहे. ती दोन्ही कडवी मला पाठ आहेत, आये. येत्या भाताच्या लावणीला वैनी मेरेवर उभी राहील, गाणं तिथं येऊन तुटेल, आणि मी ते तुटू देणार आहे.