कोइमतूर, जाऊन-येऊन

९ जानेवारी १९९६
आलं! मुलाखतीचं पत्र आलं! कोइमतूरची सरकारी कंपनी, हिशेबनीस सहायकाची जागा, २५ तारखेला सकाळी दहाला हजर राहा. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय – दुसऱ्या वर्गाचं जाऊन-येऊन भाडं कंपनी देईल!! ती ओळ मी सात वेळा वाचली. म्हणजे अख्खा देश ओलांडून जायचं, तेही फुकट. आजवर मी कोपरखैरणे सोडून बघितलंय काय, तर आमचं गाव आणि सातारा.

१० जानेवारी
आबांना सांगितलं. ते मार्केटातून कांद्याच्या गोण्या वाहून आलेले, पाय पसरून बसले होते. पत्र उलटं-सुलटं केलं. म्हणाले, भाडं तेच देत्यात तर जाऊन ये, चार गावं बघशील. मी नाचायच्या बेतात होते, तेवढ्यात पुढचं आलं.
"पण नोकरी-बिकरी डोक्यात घेऊ नगं. तितं आपलं बाईमाणूस कोन हाय? एकटी पोरगी कुटं ऱ्हानार?"
मी मान हलवली. खोटी. मला ती नोकरी हवीय. नुसती हवी नाही, हवीच आहे. हे फक्त इथं लिहिते.
शिवाय एकटीने जायचं नाही. सोबत राजाबाई आत्या. आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं आमच्याकडेच असते आणि आमच्या सगळ्यांच्या भाकऱ्या थापते. तिचं भाडं मात्र कंपनी देणार नाही. म्हणजे बाकीच्या खर्चाला कात्री!

१२ जानेवारी
राहायचं फुकट जमलं! आम्हा साताऱ्याकडच्या लोकांची गंमतच आहे. हिंदुस्थानात कुठंही जा, सराफ बाजारात आपल्याकडचा गलाईवाला सापडतो – सोनं-चांदी गाळून चोख करून देणारा. कोइमतुरात आमच्याच गावचे नामदेव काका आहेत. आबांनी मार्केटातल्या ओळखीने फोन लावला. काका म्हणाले, लॉजवर उतरलात तर तोंड दाखवू नका.
आत्याने लगेच जाहीर केलं की रिकाम्या हाताने जायचं नाही. ज्वारीचं पीठ न्यायचं. तिकडे मिळत नाही म्हणे. किती? पंधरा किलो! मी डोक्याला हात लावला.

२० जानेवारी
माझी अक्कल बघा. गाडीत काही विकत घ्यायचं नाही – दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, दोन फिरकीचे तांबे पाणी. आत्या स्टोव्हसुद्धा घ्यायला निघाली होती, तो मी लपवला. मुलाखतीची साडी गादीखाली घालून ठेवलीय, इस्त्रीचे पैसे वाचले. स्टेशनबाहेर पडताना तिकिटं काढून घेतात, म्हणून नंबर आधीच वहीत उतरवायचे, नाहीतर भाडं कशाच्या जोरावर मागणार? एवढं डोकं बी.कॉम.ला चालवलं असतं तर फर्स्ट क्लास आला असता.

२२ जानेवारी
निघालो! कुर्ल्याला आबांनी पिठाची गोणी स्वतःच्या खांद्यावरून गाडीत चढवली. उतरताना एकच बजावलं – कुठंही पैसा वाचव, पण हमालाशी घासाघीस करायची नाही. "आपल्याच पोटाला चिमटा हाय तो." आईने खिडकीतून वीस रुपये कोंबले. पुणं यायच्या आत आत्याने डब्यातल्या सगळ्यांना सांगून टाकलं की पोरगी सायबीण व्हायला चाललीय!

२४ जानेवारी
कोइमतूर!! पाट्यांवरचं एक अक्षर कळत नाही आणि मला वेड लागल्यासारखं हसू येतंय. बायकांच्या डोक्यात गजरेच गजरे. थंडगार वारं. स्टेशनवरच्या हमालाने बोटांनी सांगितलं – वीस रुपये. घासाघीस करायची नाही हे कबूल. पण हमाल करायचाच, असं आबा कुठं म्हणाले होते? हमालाची पोर मी, पंधरा किलो काय जड! आत्याला म्हटलं, चढव डोक्यावर. तिने टॉवेलाची चुंबळ करून दिली. मी ऐटीत निघाले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर मानेत अशी उसण भरली की डोळ्यांपुढे काजवे! तीच मान घेऊन काकांच्या दुकानापर्यंत आले.
आता मान डावीकडे वळलेली आहे ती वळलेलीच आहे. आत्या तेल चोळतेय. आबा पाठीवर चाळीस-चाळीस किलो वाहतात, ते कसे, हे आज कळलं. मुलाखत उद्या आहे. उद्या!

२५ जानेवारी
झाली. तीन साहेब ओळीने बसलेले. प्रश्न मधल्या साहेबांनी विचारायचे आणि उत्तरं मिळायची डावीकडच्या साहेबांना! ते बिचारे दचकून आधी पंख्याकडे आणि मग स्वतःच्या कागदांकडे बघत होते. मधल्यांनी शेवटी विचारलंच की तुम्ही माझ्याकडे का बघत नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं – गोणी, पीठ, मान. तिघंही हसले. चांगलं हसले की वाईट, देव जाणे. उत्तरं मात्र आली, एक सोडून सगळी.
भाडं लगेच हातात दिलं, रोख! नंबर उतरवून ठेवले होते ना!
आणि इकडे दुकानाच्या वर निराळाच सोहळा. काका धरून आठ गडीमाणसं तिथं राहतात, बायकापोरं गावी. रोज भात आणि हॉटेलचं. आत्याने आमच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या, सोबत झुणका आणि ठेचा. सगळे ताटावर तुटून पडले. एकाने, दत्तू म्हणून आहे, चौथी भाकरी घेतली आणि डोळे पुसले. म्हणाला ठेचा तिखट झालाय. तिखट काही नव्हता.

२६ जानेवारी
वाचवलेल्या पैशातून उटीला जाऊ म्हटलं, तर आत्या हलेना! आठ माणसांचा स्वयंपाक कोण करणार म्हणे. अगं, तू काय त्यांची नोकर आहेस? मी चिडले, आणि चिडून एकटीच गेले. होय, एकटी! काकांनी एसटीत बसवून दिलं, तिकडच्या. आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या सीटवर आमच्या घरचं कोणी नव्हतं. वळणं, ढग, चहाचे मळे – मान वळत नसल्यामुळे फक्त डावी बाजू पाहिली, पण काय बाजू होती! जाताना दरी दिसली, येताना डोंगर. एका बाकावर बसून दशमी खाल्ली आणि ठरवून टाकलं. मी इथं राहणार. आबांशी भांडेन, पण राहणार.

२९ जानेवारी
परत आलो. पीठ संपवून आलो. येताना आत्या गाडीत नुसती खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला म्हटलं, दमलीस? म्हणाली, "दमले न्हाई. अठरा वर्सांत कुनी भाकरी चांगली झालीय म्हनून सांगितलं नव्हतं, त्याचा इचार करतेय." मला एकदम शरम वाटली. मी तरी कधी म्हणाले होते?

८ फेब्रुवारी
पोस्टमन – काही नाही.

१५ फेब्रुवारी
काही नाही. आबांशी भांडायची वाक्यं मात्र पाठ झाली.

२७ फेब्रुवारी
आलं. 'खेद वाटतो.' तीन ओळी.
रडले. मोरीत नळ सोडून रडले, पाण्याचा विचारही केला नाही. आबा म्हणाले, बरं झालं, जिवाला घोर नाही. त्यांचं ते 'बरं झालं' ऐकून आणखी रडले. आत्या पाठीवर हात ठेवून बसली.

५ मार्च
आज आणखी एक पत्र कोइमतूरहून. मी ते पोस्टमनच्या हातातून ओढूनच घेतलं. पण वर नाव – श्रीमती राजाबाई! तिच्या नावाने घरात आजवर पत्र आलेलं नाही. मीच वाचून दाखवलं. नामदेव काकांनी लिहिलंय – त्या पेठेत आपल्याकडची चाळीसेक माणसं आहेत, सगळ्यांचा विचार झाला, राजाबाईंनी येऊन खानावळ चालवावी. खालची एक खोली देतो, भाडं नको. सोबत मनीऑर्डर, प्रवासखर्चाची.
पंधरा किलोची गोणी वाहिली मी, मान मोडली माझी, नोकरी लागली आत्याला! क्षणभर, खरं लिहिते, पोटात दुखलं. मग आत्याकडे पाहिलं. ती पत्र हातात घेऊन, वाचता येत नसताना, ओळीवरून बोट फिरवत होती. दुखायचं थांबलं.
आबा ताडकन उठले. लोक काय म्हणतील, भावाला बहीण जड झाली? आत्या शांतपणे म्हणाली, "मानसिंग, तू कदी जड मानलं न्हाईस. पर मला माजं वजन बगायचंय."
आबा बाहेर जाऊन बसले. जेवायला आले ते उशिरा. ताटावर बसून पहिल्यांदाच म्हणाले, भाकरी झकास झालीय.

१४ मार्च
आत्या कोइमतूरला गेली. सोबत उज्ज्वलाला ने, म्हणजे मला, असं आबा शेवटपर्यंत म्हणत होते, पण तिने ऐकलं नाही. पोरीचं जाऊन-येऊन भाडं उगीच कशाला, असं म्हणून खिडकीशी जाऊन बसली. एकटी. पिठाच्या गोण्या दोन.
गाडी सुटली तरी आबा प्लॅटफॉर्मवरून हलेनात. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुजी पुढची मुलाखत कुटं हाय?"
मी म्हटलं, अजून अर्जच केलेला नाही.
"मग कर की," म्हणाले.