चर्चा संपेपर्यंत दार बंद

३ मार्च, शुक्रवार. सकाळ.
निर्णय झाला. काकांच्या नळ-फिटिंगच्या दुकानात बिलिंगला बसायचं नाही. काका म्हणतात, घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, तुझा आम्हाला काही उपयोग होऊ दे की. मी काय कमोडची बिलं करायला ग्रॅज्युएट झाले?
महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. तोवर दुसरी नोकरी मिळाली नाही, तर काउंटरवर बसायचं. आईने मध्यस्थी केली. पडदे शिवता शिवता मशीन न थांबवता म्हणाली, भावजी, एवढा महिना द्या, तिचं डोकं शांत होईल. आईला हे डोक्याचं प्रकरण वाटतं. हे ध्येयाचं प्रकरण आहे.
आमच्या थिएटरमध्ये एक जागा निघतेय. दुसरीकडे कुठेच न चालणारे चित्रपट आमच्याकडे चालतात. वर्षभर मी तिथे फुकट राबतेय. पोस्टर चिकटवते, पाहुण्यांसमोर पाण्याची बाटली ठेवते. मॅनेजरबाई म्हणाल्या, उद्याच्या चित्रपटाचे डिरेक्टर स्वतः येताहेत, चर्चेत तुझी समज दिसू दे, मग बघू. म्हणजे जागा माझीच. जाहीर व्हायची तेवढी बाकी आहे.
संकल्प: उद्या एकही फ्रेम चुकवायची नाही.

४ मार्च, शनिवार. संध्याकाळ.
सुन्न झाले आहे. थोर चित्रपट! एक बाई, एक खोली. बाई वाट पाहते. कशाची, ते डिरेक्टर सांगत नाही. कॅमेरा हलत नाही. बाईही फारशी हलत नाही. आणि मग एकदम ती खिडकीतून उतरते, खाली होडी असते, तिच्यात बसते आणि वल्हवत निघून जाते! होडीत समोर आमच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसारखा दिसणारा नट. तो तिचं हजेरीपत्रक घेतो. काय प्रतीक आहे!
माझे डोळे काही काळ मिटले होते हे खरं. त्याला झोप म्हणता येणार नाही. चित्रपट आत उतरत होता.
बरेच प्रेक्षक मधेच उठून गेले. चिंतनासाठी असणार. परत आले नाहीत, म्हणजे चिंतन खोल होतं.
नंतर चर्चा. डिरेक्टर काळ्या शर्टात, चष्मा कपाळावर. कुणाचा काही प्रश्न? एका आजोबांनी हात वर केला आणि टॉयलेट कुठे आहे ते विचारलं. मग मी उठले आणि विचारलं: ती होडी म्हणजे तिची सुटका, की परतणं?
डिरेक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, होडी. जरा थांबून पुन्हा म्हणाले, होडी. मग होडीवर बराच वेळ बोलले. मॅनेजरबाई मान डोलवत होत्या. शेवटी डिरेक्टर म्हणाले, पडद्यावर नसलेलंही पाहणारा प्रेक्षक मला आज भेटला.
मला!

५ मार्च, रविवार.
मॅनेजरबाईंचा फोन. येत्या शनिवारी दुपारी पुन्हा खेळ, आणि मंचावर डिरेक्टरांची मुलाखत मी घ्यायची. खुद्द डिरेक्टरांचा आग्रह. ती नीट झाली की थिएटरची कमिटी नोकरीचं ठरवणार.
घरी सांगितलं. बाबा कंपनीची बस चालवतात, त्यांनी उद्या सगळ्या बसला सांगणार म्हणून जाहीर केलं. दादाने गोष्ट विचारली. सांगितली. तो म्हणाला, बाई नुसती बसते? मग आईवर काढा ना पिक्चर, ती निदान पडदे तरी शिवते. गॅरेजमध्ये काम करून माणसाची संवेदना बोथट होते. त्याचा दोष नाही.

७ मार्च, मंगळवार.
मॅनेजरबाई चिंतेत. मागच्या वेळी चर्चेला माणसं कमी आणि खुर्च्या जास्त होत्या. मी उपाय सुचवला: खेळ सुरू झाला की दार लावून घ्यायचं. चर्चा संपेपर्यंत उघडायचं नाही. कलेशी एवढी बांधिलकी हवीच. मॅनेजरबाई म्हणाल्या, अगं, तुझ्यात दम आहे. ‘चर्चा संपेपर्यंत दार बंद’ असा बोर्डही मीच रंगवला.
तयारीसाठी चित्रपट पुन्हा पाहायला मागितला होता. डिरेक्टर कॉपी कुणालाच देत नाहीत. हरकत नाही. सगळं तोंडपाठ आहे.

९ मार्च, गुरुवार.
प्रश्न तयार. बहुतेक होडीवर. प्रिन्सिपॉलवर एक.
काकांचा फोन आला. विचारत होते, काउंटरवरची खुर्ची तुझ्यासाठी ठेवू का, एक मुलगी विचारून गेलीय. मी म्हटलं, देऊन टाका. काका म्हणाले, नीट विचार कर हं पोरी, मागाहून माझ्या नावाने ओरडू नकोस. मी म्हटलं, काका, काही माणसं खुर्चीसाठी जन्मत नाहीत. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

१० मार्च, शुक्रवार.
नवीन माहिती. डिरेक्टरांची एक पद्धत आहे. आपला चित्रपट चालू असताना ते मंचावर पडद्याकडे पाठ करून बसतात आणि प्रेक्षकांचे चेहरे पाहतात. मुलाखत घेणाऱ्यानेही तसंच बसायचं. खरं तर उद्या मुलाखतीआधी चित्रपट बघता बघता उजळणी करून घ्यायचा बेत होता. राहील.

११ मार्च, शनिवार. घरी आल्यावर.
यशस्वी. एकूणात यशस्वी.
हॉल भरलेला. आई, बाबा, दादा, काका-काकू, मावशी आणि बाबांची जवळजवळ अख्खी बस. दिवे गेले. दार लागलं. मी मंचावर, पाठीमागे चित्रपट, समोर माझं सगळं खानदान, पडद्याच्या उजेडात पांढरंफटक.
कुणाकडे असं सलग पाहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. काकूने पर्समधून लोकर काढून विणायला घेतलं. मावशीने मोठ्याने विचारलं, ही बाई गेलीय की काय गं? शेजारच्याने सांगितलं, नाही हो, आत्ताच हात हलला. काका माझ्याकडे रोखून बघत होते. मी हळूच हसले. ते हसले नाहीत.
मग बाबा उठले आणि दाराकडे गेले. दारावरच्या स्वयंसेवकाने बोर्ड दाखवला. बाबांनी करंगळी दाखवली. स्वयंसेवकाने पुन्हा बोर्ड दाखवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मंचावरून मी काय करणार? नियम माझाच. बाबा परत येऊन बसले, एका पायावर दुसरा पाय घट्ट आवळून. उरलेला चित्रपट संपेपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.
उजेड झाला. मी पहिला प्रश्न होडीचा विचारला. डिरेक्टरांनी डोळे मिटले, सुरुवात केली. तेवढ्यात दादा उठला. त्याला माईक लागत नाही. म्हणाला, मॅडम, होडी कुठं होती? आम्ही सगळ्यांनी पूर्ण पाहिलाय, दारच बंद होतं. बाई होती, खुर्ची होती, टेबलावर एक कप होता. ती खोलीच्या बाहेरच पडली नाही. बसमधली माणसं म्हणाली, बरोबर, होडी नव्हती. मावशी म्हणाली, मीही डोळ्यांत तेल घालून बघत होते बाई.
हॉलमध्ये कुजबुज वाढली. डिरेक्टर कपाळावरचा चष्मा शोधू लागले.
आणि आई उठून उभी राहिली. आयुष्यात कधी चार माणसांत बोलली नाही ती. पदर सावरत म्हणाली, होती होती. मी पाहिली. निळ्या रंगाची होती. आणि लगेच खाली बसली. माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे लाल झाले होते.
एवढ्या मोठ्या हॉलमध्ये चित्रपट एकट्या आईला कळला.
डिरेक्टर म्हणाले, होडी नाही, म्हणूनच ती आहे. प्रचंड टाळ्या. टाळ्या वाजल्या की दार उघडेल असं मागच्या रांगेत कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. दार उघडलं. बाबा सर्वात पुढे.

१३ मार्च, सोमवार.
निवड झाली! हुद्दा: प्रेक्षक-संवाद सहायक. मॅनेजरबाई म्हणाल्या, कमिटी खूश आहे, थिएटर पहिल्यांदाच भरलं आणि एकही माणूस मधून गेला नाही, कामाचं स्वरूप उद्या सांगते. मुलाखतीबद्दल काही म्हणाल्या नाहीत. ती गृहीतच धरली असणार.
बाबांनी पाठ थोपटली. विचारलं, तुम्हाला तरी मधे सोडतात ना?

१४ मार्च, मंगळवार.
कामाचं स्वरूप: खेळ सुरू झाला की दार लावायचं. आतून दाराशी उभं राहायचं. कुणी जायला निघालं, तर कलेची महती सांगून परत बसवायचं. रोज दोन खेळ. डिरेक्टरांचाच चित्रपट, कमिटीने मुक्काम वाढवला आहे.
सुरुवात अशीच असते. खुर्ची नाही, पण खुर्चीचा मोह मला कधी नव्हताच.

१८ मार्च, शनिवार.
पाय सुजलेत. आता उभ्याने डोळे मिटताही येत नाहीत, खांद्यावर कुणीतरी टकटक करतं. ताई, सोडा ना. ताई, बाळ घरी आहे. ताई, मी चुकून आलो, मला खालच्या मजल्यावर, दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. सगळ्यांना समजावलं. दातवाले रडले. चित्रपट हळूहळू भिडतोय.

२२ मार्च, बुधवार.
सकाळी सहज काकांच्या दुकानावरून गेले. सहजच. काउंटरवर ती नवी मुलगी. वर पंखा, हाताशी चहा, सहा वाजता सुट्टी. काकांना म्हटलं, गरज असेल तर संध्याकाळी मदत करीन, तुमच्यासाठी म्हणून. काका म्हणाले, नको गं, पोरगी चांगली आहे, खुर्चीवर मन लावून बसते.

२५ मार्च, शनिवार.
आज धीर करून मॅनेजरबाईंना विचारलं, दुसऱ्या खेळाला जरा लवकर निघाले तर चालेल का, डोकं दुखतंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, अगं, अशी कारणं सांगणाऱ्यांना थांबवायलाच तर तुला ठेवलंय. जा, दार लाव.