माझे दोन दात आणि अंधेरीचं हॉटेल

रविवार संध्याकाळ, बोरिवली, १९८६

माझे दोन खोटे दात आज अंधेरीच्या हॉटेलात दीड-दोनशे डॉक्टरांसमोर निघाले, आणि मी तिथेच खुर्चीत बसलेली. भूल देणाऱ्या डॉक्टरांची परिषद होती. आमची संध्या, लेकीची लेक, तीही भुलीचीच डॉक्टर, तिथे बोलणार म्हणून मला नटवून नेलं. बोलली सगळं इंग्रजीत. पण ओठापाशी दोन बोटं नेली नि सगळे हसले, तेव्हा मला कळायचं ते कळलं.

जेवताना धरली तिला. "माझे दात काढलेस ना गं तिथे?"

"नाव नाही घेतलं, आजी. आणि हसले ते मला."

गेल्या वर्षी माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी तिने विचारलं होतं, खोटे दात आहेत का. सुनेचे वडील शहाळं घेऊन उशाशी उभे. व्याह्यांसमोर काय सांगणार? नाही म्हटलं. भुलीत ते दोन दात सुटून घशाकडे गेले. संध्याने चिमट्याने काढले, नाहीतर मेलेच होते.

"चूक माझी, असं सांगितलं मी," संध्या म्हणाली. "चार माणसांत विचारलं. म्हाताऱ्या बाईला एकटीला विचारायला हवं होतं."

एवढ्या जणांत पोरीने चूक कबूल केली. मला दोन दात कबूल करवले नाहीत. का? व्याही काय माझे दात मोजायला आले होते?

बुधवारी दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन. भूल संध्याच देणार. दात आधीच वाटीत काढून ठेवीन. तरी तिने सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून विचारायचं. उत्तर मी देणार. मुलाने दाराबाहेरूनही मध्ये तोंड घालायचं नाही.