ग्रह गोल असण्याचं सोपं कारण

३ फेब्रुवारी, सोमवार
कॉल आला! कागलच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सची पर्मनंट जागा. पुढच्या सोमवारी डेमो लेक्चर. विषय त्यांनीच दिलाय: तारे, ग्रह, चंद्र गोल का असतात. हसूच आलं. इतकी वर्षं कोल्हापुरात तासिका तत्त्वावर घासल्यावर हा असला विषय! वयात बसणारी ही शेवटची जाहिरात, पण टेन्शन नाही. उद्यापासून पहाटे उठून तयारी.

४ फेब्रुवारी, मंगळवार
नऊला उठलो. झोपेतही विचार चालूच होता. उत्तर सापडलं: गरागरा फिरतात म्हणून गोल. बायकोला, अनुजाला, समजावलं. ती म्हणाली, मग मिक्सरमधली चटणी गोळा होऊन का न्हाय बसत? कॉमर्सवाल्यांशी वाद घालायचा नाही, असं ठरवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शेवटी पुस्तक उघडलं. फिरण्यानं ग्रह उलट कमरेत फुगतो म्हणे. गोल होतो तो स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं. चहूबाजूंनी सगळं मध्याकडं ओढलं जातं, फार उंच काही टिकत नाही, खाली बसतं. एका वाचनात समजलं, म्हणजे आणखी वाचायची गरज नाही. पुढची पानं सोडली.
दुपारी सासऱ्यांचा, बाळासो मामांचा फोन. "पावणं, औंदा तरी पर्मनंट व्हनार की न्हाय? भावकीत इचारत्यात." झालंच समजा, म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथं कुणाला तरी ओरडून सांगितलं, "झालं बरं का!"
नंतर फोन सायलेंटवर टाकला.

८ फेब्रुवारी, शनिवार
प्रयोग हवा. पाण्यात स्पिरिट मिसळून तेल सोडलं. तेलाचा गोळा मधोमध तरंगला. झकास ग्रह! हे होतं पृष्ठताणामुळं, गुरुत्वाकर्षणाचा संबंध नाही. पण दिसतं छान. दुसरं काही सुचतही नाही. उद्या सगळं पुस्तक वाचणार म्हणजे वाचणार.

९ फेब्रुवारी, रविवार
शर्टला इस्त्री केली. दोनदा.

१० फेब्रुवारी, सोमवार
तेल सांडलं नाही. कमिटी माना डोलवत होती. मग एक मॅडम म्हणाल्या, "मंगळाचे चंद्र बटाट्यासारखे वेडेवाकडे आहेत. ते का गोल नाहीत?"
सोडलेल्या पानांवर असणार. कसाबसा म्हणालो, "लहान आहेत."
मॅडमचा चेहरा उजळला. "बरोबर! मग?"
मग काय? "मोठे झाले की होतील," म्हणालो.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
दुसऱ्याची निवड झाली. अनुजाला सांगितलं, यादी लागायचीय अजून. संध्याकाळी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आज आमच्या अकरावीला हेच शिकवलं. तेजस्वी नावाच्या मुलीनं नेमकं तेच विचारलं. सांगितलं: लहान गोळ्याची ओढ इतकी कमी, की स्वतःचा दगडसुद्धा तिला दाबून बसवता येत नाही. जसा जमला तसाच राहतो. वर्ग गप्प ऐकत होता. असा तास मी कधीच घेतला नव्हता.
बाहेर पडलो तर प्राचार्यांचं बोलावणं. पुढच्या वर्षी एक तुकडी बंद, माझे तास संपले. थँक यू म्हणून आलो.
अनुजानं विचारलं, कसा झाला तास? म्हटलं, एकदम भारी.
मग तोंड का उतरलंय, म्हणाली.
सगळं सांगून टाकलं.